डाएटिशियनकडे आजारपणासाठी जायचं असेल तर काय तयारी करायची

डाएटिशियन म्हटलं की अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात वजन कमी करणं एवढंच येतं, लग्न ठरलं की जायचं नाहीतर जिमवाला मागे लागला म्हणून जायचं. मी इथे लिहितेय ते आजारासाठी जाण्याबद्दल. म्हणजे शुगर आहे, बीपी आहे, किडनीच्या टेस्टमध्ये क्रिएटिनिन वाढलंय, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालंय, पीसीओडी आहे, बायपास झालीये, केमो चालू आहे असं काहीतरी, आणि डॉक्टरांनी उठता उठता "गोड बंद, तेलकट कमी, जरा चालत जा" सांगून सोडलंय. डॉक्टरांचंही काही चुकत नाही, बाहेर ढीगभर पेशंट बसलेले असतात. पण तेलकट कमी म्हणजे किती, फोडणीतलं तेल धरायचं का, भाजीत घातलेल्या दाण्याच्या कुटाचं काय करायचं, हे शेवटी कोणीतरी ठरवायला लागतंच ना, आणि मग ते घरातले, शेजारचे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवाले मिळून ठरवतात.

आणि "मी तर बारीकच आहे, मला काय करायचाय डाएटिशियन" म्हणणाऱ्यांसाठी एक इथलीच गोष्ट. आपल्या पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडचे सहकारी डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! २००४ साली हे लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये दोघांच्या फोटोसकट छापून आलं. थोडक्यात काय तर आपल्याकडे हातपाय काड्या आणि पोटात चरबी हा प्रकार फार, म्हणून आपल्याला बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त धरतात आणि कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० सेंटीमीटर ही हद्द मानतात. घरात शिवणाची टेप असेल तर आत्ताच मोजा, पोट आत न ओढता.

आता कोणाकडे जायचं. न्यूट्रिशनिस्ट, हेल्थ कोच, वेलनेस कोच, डाएट कन्सल्टंट असे बोर्ड गल्लोगल्ली दिसतात आणि आठवड्याचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूससुद्धा तो बोर्ड लावून बसलेला असतो. २०२१ साली केंद्राने अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात डाएटिशियन हा व्यवसाय घेतलाय, पण म्हणून बोर्ड काही कमी झालेले दिसत नाहीत, तेव्हा चौकशी आपणच करायची. शिक्षण विचारा, फूड सायन्स न्यूट्रिशन किंवा डाएटेटिक्समधली एमएस्सी नाहीतर पीजी डिप्लोमा असावा, आणि हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप केलेली असावी. नावापुढे आरडी असेल तर उत्तम, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन, ती परीक्षा इंडियन डाएटेटिक असोसिएशन घेते. हे विचारायला लाजू नका, ज्याच्याकडे डिग्री आहे तो आनंदाने सांगतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे "माझ्या आजाराचे पेशंट तुम्ही बघता का?" कारण वजन आणि पीसीओडी बघणारी बाई कितीही हुशार असली तरी डायलिसिसच्या पेशंटचं खाणं बसवणं हे वेगळं काम आहे, आणि लहान मुलाचा टाइप वन डायबेटीस हे आणखी वेगळं.

पुण्यात याची तशी सोय चांगली आहे. दीनानाथ, केईएम, रुबी, जहांगीर, सह्याद्री, भारती अशा मोठ्या हॉस्पिटलांत डाएटिशियन असतात आणि त्यांना दाखवायला अ‍ॅडमिट असावंच लागतं असं नाही, ओपीडीला फोन करून वेळ विचारायची. ससून सरकारी आहे, तिथे खासगीच्या मानाने खर्च खूपच कमी, केसपेपर काढायचा, ज्या विभागात दाखवताय तिथल्या डॉक्टरांना म्हणायचं की मला आहारासाठी लिहून द्या. गर्दी मात्र असते, सकाळी लवकर पोचा आणि डबा-पाणी बरोबर ठेवा. माझं मत विचाराल तर जिथे तुमचे डॉक्टर आहेत तिथलीच डाएटिशियन आधी बघा, फाइल एकच राहते आणि शंका आली तर ती डॉक्टरांना सरळ फोन करते. खासगी क्लिनिक घराजवळ पडतं, वेळ जास्त मिळतो, पण तिथे दोन गोष्टी आधी विचारून घ्या, पहिल्या भेटीचे किती आणि फॉलोअपचे किती. तीन महिन्यांचं, सहा महिन्यांचं पॅकेज पहिल्या भेटीआधीच भरायला सांगत असतील तर भरू नका, आधी एकदा भेटू द्या म्हणावं. मेडिक्लेममध्ये हा खर्च बहुतेक वेळा बसत नाही, कारण बऱ्याच पॉलिसी ओपीडी धरतच नाहीत.

आणि जिथे भेटीच्या शेवटी तिथल्याच कपाटातून पावडरचा डबा निघतो तिथून सरळ उठायचं. "माझा चार्ट सुरू केला की गोळ्या बंद करा" म्हणणाऱ्याकडूनसुद्धा.

आता तयारी, आणि खरं तर सगळा खेळ इथेच आहे, कारण समोरची बाई कितीही शिकलेली असली तरी तुम्ही जे सांगाल त्यावरच ती हिशोब करणार. जाण्याआधी तीन दिवसांचं खाणं लिहून काढा, त्यातला एक दिवस रविवार पाहिजेच. "सकाळी नाश्ता, दुपारी पोळी-भाजी, रात्री हलकं" असं लिहून काही उपयोग नाही. किती वाजता, किती पोळ्या, पोळीला तूप होतं का, भाजी रसदार की परतलेली, आमटीत गूळ घालता का, चहा किती कप आणि कपात साखर किती चमचे. आणि जे आपण खाण्यात धरतच नाही ते तर नक्की लिहा, चहाबरोबरची चार बिस्किटं, येता-जाता तोंडात टाकलेले दाणे, पोराच्या ताटात उरलेला भात उभ्या उभ्या संपवला तो, ऑफिसमधून येताना अमृततुल्यवर घेतलेला चहा आणि क्रीमरोल, रविवारची मिसळ आणि वर मागून घेतलेला कट. दारू घेत असाल तर तीही किती ते लिहा, बायको शेजारी बसणार म्हणून चोरलं तर पुढचा सगळा चार्ट पाण्यात. लिहायचा कंटाळा असेल तर ताटाचे फोटो काढा मोबाईलवर, तेही चालतात.

वाटीचं एक सांगते. डाएटिशियन म्हणते "एक वाटी भात" आणि आपल्या घरात वाट्या चार साइझच्या असतात. आपली रोजची वाटी पाण्याने भरून मापाच्या कपात ओता, किती मिली होतात ते लिहून न्या, नाहीतर सरळ वाटीच पिशवीत टाका, कोणी हसत नाही. तेलाचाही हिशोब घरी करून न्या, सोपा आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी दिवसाला ४० मिलीच्या वर तेल जातंय, म्हणजे चहाचे आठ चमचे! डाएटिशियन साधारण तीन-चार चमच्यांवर आणायला सांगतात, त्यामुळे "आम्ही तेल कमीच खातो" हे वाक्य बोलण्याआधी किराणा बिल बघा.

कागदपत्रांत ताजे रिपोर्ट, आणि जुने असतील तर तेही, कारण एचबीएवनसी (शुगरची तीन महिन्यांची टेस्ट) ६.२ आहे हे कळण्यापेक्षा दोन वर्षांत ५.६ चं ६.२ झालंय हे कळणं जास्त कामाचं. (५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटीसच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून डायबेटीस.) चालू असलेली सगळी औषधं लिहून न्या, डोस आणि वेळेसकट, आणि सगळी म्हणजे सगळी, वैद्यांचं चूर्ण, कोणीतरी दिलेला काढा, जिमची प्रोटीन पावडर, मेडिकलमधून आपणच आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या. कारण खाणं आणि औषध यांची गाठ कुठे पडेल सांगता येत नाही. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घेऊन पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी, हे कित्येकांना वर्षानुवर्षं माहीतच नसतं आणि मग गोळी चालू असून टीएसएच (थायरॉइडच्या टेस्टमधला आकडा) खाली का येत नाही म्हणून डोस वाढत जातो. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात घर शाकाहारी असलं तर आणखीच, तेव्हा ती टेस्ट कधी केली होती ते आठवून ठेवा. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी असेल तर पालेभाजी बंद करायची नसते, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं असतं. असल्या गोष्टी डाएटिशियनला औषधांच्या यादीवरूनच दिसतात.

बरोबर कोणाला न्यायचं? जो स्वयंपाक करतो त्याला. पेशंट बाबा आणि डब्याचं सगळं आई बघते असं असेल तर बाबा एकटे जाऊन काय करणार, घरी येऊन "कमी तेल घाल म्हणालीये" एवढंच सांगणार. स्वयंपाकाला मावशी येत असतील तर त्यांना नेता येत नाही, पण मग डाएटिशियनकडून असं काहीतरी मागून घ्या जे मावशींना जमेल, उदाहरणार्थ आठवड्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवायचं आणि मावशींनी त्यातलंच वापरायचं. सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या, मेसचा डबा खाणाऱ्या पोराने तर पहिल्या वाक्यालाच सांगावं की मी स्वयंपाक करत नाही, डब्यात तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ आमटी येते. मग त्याला किनवा आणि अ‍ॅव्होकाडो न सांगता डब्यातला भात किती ठेवायचा, वर दोन उकडलेली अंडी किंवा ताक नि मूठभर फुटाणे कुठे घालायचे असं सांगता येतं. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्यांनी शिफ्टच्या वेळा सांगायच्या, त्यांचा नाश्ता दुपारी चारला होत असेल तर चार्टही तसाच हवा.

पहिली भेट नीट झाली तर पाऊण-एक तास जातो. उंची, वजन, कंबर, रिपोर्ट, झोप, कामाचं स्वरूप, पोट साफ होतं का, दात नीट आहेत का, घरात कोण कोण, बाहेर किती वेळा खाता, उपास कुठले. हे काहीच न विचारता दहा मिनिटांत छापील कागद हातात पडला तर तो कागद तुमच्यासाठी नव्हताच, आधीच्या पेशंटचाही तोच होता.

उपासाचं मुद्दाम सांगा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, आषाढीची वारी असेल तर ती, सगळं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर शुगर खाली येते, आणि रात्री साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाल्ला की वर उसळते. डाएटिशियन उपास सोडाच म्हणेल असं नाही, वरई-राजगिरा-ताक-दाण्याची आमटी असं काही बसवून देते, पण गोळ्यांचं त्या दिवशी काय करायचं हे डॉक्टरांना विचारूनच. तेच दिवसातून दोनदाच जेवायच्या पद्धतीचं. दीक्षित (दोनदाच खा) की दिवेकर (थोडं थोडं खात राहा) हा वाद आपल्याकडे घराघरात रंगतो, रंगू दे, पण शुगरची औषधं चालू असणाऱ्याने त्यातलं काहीही मनाने सुरू करू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या चालू असताना कीटो (भात-पोळी जवळजवळ बंद, भर स्निग्धावर) किंवा लांबलचक उपास केला तर शुगर नॉर्मल दिसत असूनही रक्तात आम्ल वाढून आयसीयूपर्यंत जाऊ शकतं. आणि शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते.

किडनीवाल्यांसाठी तर डाएटिशियन ही चैनच नाही, गरज आहे, कारण इथे ऐकीव पथ्यं उलटी पडतात. आमच्या नात्यातल्या एका आत्यांना सगळे जण भेटायला येताना शहाळी घेऊन यायचे, तब्येतीला चांगलं म्हणून, आणि त्यांचं पोटॅशियम आधीच वर होतं! ज्याचं पोटॅशियम वाढलंय त्याला नारळपाणी, फळांचे रस जपून, भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं, असं सगळं असतं. पण ज्याचं वाढलेलं नाही त्याने हे उगाच करत बसू नये, म्हणून रिपोर्ट बघूनच. प्रोटीनचंही तसंच. डायलिसिस नसताना साधारण वजनाच्या किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम सांगतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३६ ते ४८ ग्रॅम, आणि डायलिसिस सुरू झाला की उलट १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० च्या पुढे. कित्येक घरांत जुनाच "डाळ बंद" चा कागद फ्रिजवर चिकटलेला राहतो आणि डायलिसिसचा माणूस खंगत जातो. डायलिसिस सुरू झाला की नवीन चार्ट मागायचाच. आणि बाजारात जे कमी सोडियमवालं मीठ मिळतं त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

बीपीवाल्यांना मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, साधारण चहाचा एक सपाट चमचा, आणि यात स्वयंपाकातलं, लोणचं, पापड, फरसाण, पाव सगळं आलं. सैंधव चालतं का हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, तेही मीठच आहे हो.

सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) शंका असेल तर टेस्ट होईपर्यंत गहू सोडू नका, सोडला तर टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते. टेस्ट पॉझिटिव्ह आली की मग पोळी, रवा, शेवया, पाव बंद हे सगळ्यांना कळतं, पण डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं हे कोणाच्या डोक्यात येत नाही. आणि गिरणी! ज्वारी-तांदूळ चालतात म्हणून आपण गिरणीत देतो, त्याच जात्यावर आधीचे गहू दळलेले असतात, ते पीठ मिसळतंच. घरघंटी घ्यायची नाहीतर ग्लूटेनफ्री लिहिलेलं पीठ आणायचं, याबद्दल डाएटिशियनशी नीट बोला.

उठण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. यातली सगळ्यात महत्त्वाची दोन कामं कुठली, कारण पंधरा बदल एकदम कोणालाच जमत नाहीत. गणपतीत मोदक, लग्नाची पंगत, प्रवास, यात काय करायचं. शंका आली तर मेसेज कुठे करायचा आणि उत्तर किती वेळात मिळतं. आणि न पटणारं असेल तर तिथेच बोला, "मला दुधी घशाखाली उतरत नाही" हे तिथे सांगितलं तर पडवळ-दोडका लिहून मिळतो, घरी जाऊन कागद ड्रॉवरमध्ये टाकण्यापेक्षा ते बरं.

नंतरचं थोडक्यात. पहिला फॉलोअप दोन ते चार आठवड्यांनी घ्या, तो ऑनलाइनही चालतो. घरी ग्लुकोमीटर असेल तर रोज सकाळचं एकच उपाशीपोटीचं रीडिंग घेण्यापेक्षा कधी कधी एखाद्या जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी अशी जोडी घ्या, मग पोह्यांनी किती चढते आणि थालीपिठाने किती हे तुमचं तुम्हालाच दिसतं. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशोब दाखवते, म्हणून ती पंधरा दिवसांत परत करून "काही फरक नाही" म्हणत बसू नका. पण उलट्या होतायत, काही जात नाहीये, वजन न ठरवता भराभर उतरतंय, पायावर सूज आली, तर फॉलोअपची वाट न बघता डॉक्टरांना फोन. आणि खाणं खरंच बदललं की शुगर आणि बीपी खाली यायला लागतात, डोस मात्र जुनाच चालू असतो आणि मग उठताना चक्कर येते, घाम फुटतो. गोळी आपल्या मनाने सोडायची नाही, डोस डॉक्टरच कमी करणार, तेव्हा चार्ट सुरू करतानाच त्यांची महिन्याभरानंतरची अपॉइंटमेंट घेऊन ठेवा, ऐनवेळी फोन केला तर पुण्यात कोण तारीख देतंय.